दिशा तुझी, उडी माझी

तो गेम घ्यावा की नाही, याचा निकाल शुभांगीच्या डोक्यात काही केल्या लागत नव्हता. दिंडोरीच्या पॅकहाउसमध्ये द्राक्षांचे घड तपासता तपासता ती मध्येच मोबाइल उघडायची आणि तेच ते व्हिडिओ पुन्हा बघायची. जुन्या कॅसेटी बसतील असा, हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेम. एक जण म्हणायचा, डोळे मिटून घ्या, लहानपण परत मिळतं. दुसरा म्हणायचा, बटणं लवकर ढिली पडतात आणि असले गेम मोबाइलवर फुकट मिळतात. तिला दोघांचंही पटायचं, म्हणून जीव आणखीच थाऱ्यावर राहायचा नाही.

खरं तर तिला तो स्वतःसाठी नकोच होता. तिच्या थोरल्या भावाला, गोरक्षला, दिवाळीनंतर अर्धांगवायूचा झटका आला होता. अंबडच्या कारखान्यात लेथ चालवणारा माणूस, डावा हात लुळा पडला. वाचा शाबूत राहिली, पण तो बोलेनासाच झाला. व्यायाम करून घ्यायला येणारी मुलगी त्याच्या हातात मऊ चेंडू द्यायची. तिची पाठ वळली की चेंडू पलंगाखाली. "सुरुवातीचे महिने वाया घालवू नका," डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि महिने तर चालले होते. शुभांगी कामावरून परस्पर त्याच्या घरी सिडकोत जायची, जरा बसायची, उठून खिडकीशी जायची, पुन्हा बसायची.

"ताई, तुमच्या येरझाऱ्यांनी मलाच गरगरायला लागलंय," मीनावहिनी एकदा म्हणाली.

जुन्या कॅसेटी शुभांगीकडेच माळ्यावर होत्या. शाळेच्या सुट्ट्यांत दोघं भावंडं टीव्हीसमोर फतकल मारून खेळायची. कॅसेटी लावायचं ते मशीन केव्हाच भंगारात गेलं होतं. दादासाठी गेम आणू का, असं तिने वहिनीला विचारलं, तशी ती वैतागली. "उजवा हात धड आहे, तरी घास मी भरवते. हे खेळणं धरणारेत ते?"

शनिवारी शुभांगी तीन कॅसेटी पर्समध्ये टाकून एम. जी. रोडच्या गल्लीत जमीलभाईंच्या दुकानात गेली. घरातले सगळे मोबाइल तिने त्यांच्याकडूनच घेतले होते.

"खरं सांगू ताई?" जमीलभाई म्हणाले. "शौक म्हणून घेत असाल तर बिनधास्त घ्या. पण जुन्या कॅसेटींचा भरवसा नाही."

पहिली कॅसेट लावली, पडदा काळाच. दुसरीचंही तेच. शुभांगी काउंटरवर बोटं वाजवत उभी होती. तिसरीच्या पट्टीवर जमीलभाईंनी खोडरबर घासला, फुंकर मारली, पुन्हा बसवली. टिणटिण सूर वाजला आणि लाल टोपीवाला छोटा माणूस उड्या मारू लागला.

"सोमवारपर्यंत घेऊन जा. नाही पटलं तर परत आणा."

गोरक्षने तो गेम बघितला. कॅसेटवरच्या फाटक्या चित्रावरून अंगठा फिरवला. मग उजव्या हाताने धरून चालू केला. उडीचं बटण उजवीकडे होतं, ते दाबता येत होतं. पण माणसाला चालवायची बटणं डावीकडे. पडद्यावरचा माणूस जागच्या जागी उड्या मारत राहिला. गोरक्षने गेम गादीवर भिरकावला.

"घेऊन जा हे! लुळ्याला खेळणं आणलंस?"

कित्येक आठवड्यांत तो एवढं बोलला नव्हता. शुभांगीचाही तोल गेला. "चेंडू नको, चालणं नको, माणसं नकोत! मग हवंय तरी काय तुला, दादा?"

वहिनी पोळी तव्यावर टाकून धावत आली. शुभांगीने गेम उचलला, पलंगावर त्याच्या खांद्याला खांदा लावून बसली आणि डाव्या बाजूने तो धरला.

"चालवते मी. उडी तू मार."

त्याने मारली नाही. माणूस खड्ड्यात पडला. तिने पुन्हा सुरू केलं, पुन्हा पडला. त्यानंतर गोरक्षचा अंगठा बटणावर आला, पण उशिरा.

"अगं, पळतेस काय! काठावर थांब की!"

"थांबले तर ते कासव चावतं."

"चावत नाही. तुला तेव्हाही कळत नव्हतं."

दोघं भांडत भांडत खड्ड्यापलीकडे गेली. तव्यावरची पोळी करपली, तरी वहिनी दारातून हलली नाही. शुभांगीचं मनगट दुखायला लागलं, गेम कलला. तेव्हा गोरक्षने उजव्या हाताने आपला डावा हात उचलला आणि गेमखाली टेकू म्हणून ठेवला. तो घसरला. त्याने पुन्हा ठेवला.

सोमवारी ती दुकानात गेली.

"कसा वाटला?" जमीलभाईंनी विचारलं.

"आवाज खरखरतो. चार्जिंग टिकत नाही. कॅसेट एकच चालते."

"मग परत?"

"नाही हो, ठेवतेय." ती पैसे देत होती तोच फोन वाजला. गोरक्षचा होता.

"कुठे अडकलीस? केव्हाचा वाट बघतोय!"

"आले, आले," म्हणत शुभांगीने स्कूटरची चावी शोधायला पर्स उपडी केली.