छत्तीस वेळा कचक

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे, आणि त्या दिवशी बसलेला धक्का अजून माझ्या अंगातून गेलेला नाही.

कारखान्यातून दुकानात आलो, तेव्हा मोठे कॅमेरे मला बघून नाक मुरडायचे. मी जेमतेम साबणाच्या वडीएवढा. पण एका नर्सने मला एप्रनच्या खिशात टाकून पाहिलं आणि म्हणाली, "हाच द्या. कपाटात राहणारा कॅमेरा काय कामाचा?" तिचा मोठा भाऊ तिला भिंगरी म्हणायचा, म्हणून मीही म्हणतो. बसथांबा, वाळत घातलेली चादर, खुर्चीखाली झोपलेलं मांजर. तिच्या मनात आलं की मी खिशाबाहेर, की कचक! असं सुख कपाटातल्यांना कुठलं?

दादा घड्याळं दुरुस्त करायचा. त्याचे हात थरथरू लागले आणि महिनाअखेर दुकान बंद करायचं ठरलं. त्याला कामावर बसलेलं टिपून ठेवावं, म्हणून भिंगरीने चहाच्या सुट्टीत नवा रोल काढला. दवाखान्यातली मैत्रीण म्हणाली, "स्टुडिओवाल्याकडून घालून घे ना."

"रोज शिरांत सुया घालते मी. फिल्म घालणं काय जड आहे?"

महिनाभर ती ड्यूटी संपली की दादाकडे जायची. तो डोळ्याला भिंग लावून वाकलेला असायचा आणि मी कचक करायचो. माझा आकडा छत्तीसवर पोचला. कचक वाजलं की फोटो निघाला, अशीच माझीही समजूत होती.

स्टुडिओवाल्याने धुतलेला रोल उजेडात धरला. "बाई, हा कोरा आहे. फिल्मचं टोक रिळात अडकलंच नव्हतं. एकही फोटो नाही."

भिंगरी मटकन स्टुलावर बसली. छत्तीस वेळा मी तिला खुशाल फसवलं होतं.

ती तशीच दादाकडे धावली. अवजारं सकाळीच विकली गेली होती. रिकामं टेबल तेवढं उरलं होतं.

"दादा, एकसुद्धा आला नाही रे."

तो म्हणाला, "शाबास, भिंगरे. आता नवा रोल घाल. नीट घाल."

या वेळी तिने फिल्म पुढे सरकवणारी कळ ओढली आणि माझ्या डोक्यावरची चकती फिरते का, म्हणजे फिल्म खरंच सरकते का, ते दोनदा पाहिलं. दादा टेबलाशी बसला. एक डोळा मिटून त्याने रिकाम्या चिमटीत नसलेला चिमटा धरला. "बोल, कुठलं घड्याळ दुरुस्त करू?"

भिंगरीने मला डोळ्याला लावलं आणि ती थबकली. "दादा, तुझे हात बघ."

हात स्थिर होते. हातातून पडायला काही नव्हतं, तेव्हा बोटं दगडासारखी थांबली होती. दादाचा चेहरा पांढराफटक पडला. "आत्ता थांबले होय?" तो म्हणाला. तेवढ्यात भिंगरीचं बोट माझ्या बटणावर पडलं.

मित्रांनो, माझ्यासारखा छोटा सोबती खिशात जरूर बाळगा. पण रोल घातला की चकती फिरते ना, तेवढं बघा. कचक या आवाजावर विसंबू नका. दादाचा तो एकच फोटो निघाला आहे. त्यात तो आपल्या हातांकडे बघतो आहे, आणि हातात काहीच नाही.