अव्वा मागच्या सीटवर

धनपाल मगदूमच्या नव्या गाडीतली मागची सीट रोज थोडी थोडी लांब जात होती, आणि त्या सीटवर त्याची आई बसलेली होती. सुरुवातीला दारातून हात घातला की अव्वाच्या पदराला लागायचा. मग लागेना. मग अव्वा नुसती दिसायची, मांडवाच्या दुसऱ्या टोकाला बसलेली म्हातारी दिसावी तशी. आता दिसतही नव्हती. हाक मारली की ओ यायची, पण ती यायला इतका वेळ लागायचा की तेवढ्यात राजमतीची आमटी उतू जायची.

राजमती धनपालची बायको. आमटी उतू गेली तरी तिनं हाक मारणं सोडलं नव्हतं.

"एवढी मोठी गाडी म्हटल्यावर जागा असणारच की," धनपाल म्हणायचा.

इचलकरंजीत त्याचा सायझिंगचा कारखाना होता. सुताला खळ लावायची, ते यंत्रमागवाल्यांना द्यायचं. धंदा बरा चालला होता आणि गाडी त्यातूनच आली होती. किंमत विचारली तर तो सांगत नसे, नुसता हसत असे. गाडीत शिरताना चपला बाहेर काढायच्या आणि आत काही खायचं नाही, असे त्याचे दोन नियम होते. सीटवरचं प्लॅस्टिकही त्यानं काढलं नव्हतं. कधी काढणार विचारलं तर म्हणायचा, "काढू की, काय घाई हाय?"

गल्लीत गाडीबद्दल एकमत नव्हतं. शेजारच्या सन्मती काकू येताजाता बोलून जायच्या. "राजमती, गाडी हाय का मंगल कार्यालय? वळायची कशी ही हितनं?"

"आली तशी उलटी जायची म्हणं."

"आन् म्हशीला रेशमी झूल घातल्यागत दिसतीया. माझ्या दिराच्या गाडीतनं निदान भाजी तरी येती."

यावर धनपाल चिडायचा नाही. तो गाडीचं दार उघडायचा, एका बोटानं हलकंच ढकलायचा आणि मागं सरायचा. दार आपलंआपण जाऊन मिटायचं, झोपलेल्या माणसाचा डोळा मिटावा तसं. "बघा. आवाज न्हाई," तो म्हणायचा. येईल त्या पाहुण्याला तो हे दाखवायचा, आणि येणारा कितीही टोचून बोलणारा असला तरी दार मिटताना गप्प व्हायचा.

पण गाडी त्यानं दारासाठी घेतली नव्हती. अव्वासाठी घेतली होती. फार पूर्वी कुरुंदवाडला कुणाचं तरी लग्न होतं. परत येताना घरची सगळी माणसं काकांच्या मोटारीत बसली आणि लोकांकडून मागून आणलेल्या भांड्यांबरोबर टेम्पोत कुणी तरी जायला पाहिजे म्हणून अव्वाला बसवलं. लहानग्या धनपालला मोटारीच्या मागच्या काचेतून पातेल्यांमध्ये बसलेली आपली आई वाटभर दिसत राहिली. त्याबद्दल तो कधी बोलला नाही. फक्त गाडी बुक केली त्या संध्याकाळी राजमतीला म्हणाला, "आता मागं बसू दे तिला. ऐसपैस."

गाडी गल्लीत मावेना, म्हणून घरासमोरचा कट्टा फोडला. चूक झाली असेल तर तिथं झाली. त्या कट्ट्यावर बसून अव्वा संध्याकाळचं जेवायची. घराचं तोंड पश्चिमेला, समोर बुटकी भिंत आणि भिंतीपलीकडं पाण्याची टाकी. सूर्य टाकीच्या मागं गेला की अव्वाचं ताट बंद. लग्न होऊन आल्यापासून जैनांच्या नेमानं दिवस मावळल्यावर तिनं तोंडात पाण्याचा थेंब घातला नव्हता. बाळंतपणात नाही, तापात नाही, नवरा गेला त्या दिवशीही नाही. कट्टा गेल्यावर दोन घटका बसायला जागा नाही म्हणून ती गाडीत जाऊन बसली. गाडीची पायरी तिच्यासाठी आपणहून खाली आली होती.

"बघ, गुडघ्याला कसं सोपं पडलं," धनपाल म्हणाला होता. त्याचे डोळे भरले होते, हे राजमतीनं पाहिलं होतं.

तेव्हापासून अव्वा जेवली नव्हती.

गाडीच्या काचा काळ्या होत्या. आतून भर दुपारीही बाहेर तिन्हीसांज दिसायची. राजमती दारातून ओरडायची, "अव्वा, ताट आणू का?" थोड्या वेळानं आतून यायचं, "दिवस मावळला न्हवं का गं? आता उद्या." आणि उद्याही तेच.

राजमतीनं काच खाली करून पाहिली. काच खाली गेली, तिच्यामागं दुसरी काळी काच होती. ती खाली केली तर तिसरी. तिनं शोरूमला फोन लावला.

"मॅडम, मागची स्पेस हेच तर या मॉडेलचं वैशिष्ट्य आहे," तिकडचा मुलगा म्हणाला.

"सासूबाई उपाशी हाईत हो."

"सीट मागं झुकवून बघितलीत का?"

अव्वाला बाहेर चालत या म्हटलं तर ती उठायची, चालायची, आणि दमून म्हणायची, "दार लांब चाललंय गं." मग बसायची. अलीकडं ती आणखी एक सांगायला लागली होती. "हितं बायका हाईत. आपापली भांडी मांडीवर घेऊन बसल्यात. कुणी बोलत न्हाई." राजमती कान लावायची. खोल आतून पितळेवर पितळ वाजल्यासारखं यायचं, टेम्पो खड्ड्यातून जाताना वाजतं तसं.

धनपालनं ते ऐकलं आणि म्युझिक सिस्टिम तपासून घेतली.

गाडी आतून वाढत होती तशी बाहेरूनही फुगत होती. घरातून बाहेर पडायला आडवं व्हायला लागायचं. पश्चिमेकडचं दार समोरच्या भिंतीला टेकायला लागलं होतं. आधी ते अर्धं उघडायचं, मग पाव. त्या संध्याकाळी ते राजमती पोट आत ओढून जाईल इतकंच उघडलं, आणि तिला कळलं की उद्या तेवढंही उघडणार नाही.

तिनं मनाशी एक ठरवलं होतं. दुपारचं ऊन वरून पडतं, ते पायरीपर्यंतच पोचतं. पण टाकीच्या मागं जाण्याआधी सूर्य आडवा होतो. तेव्हा दार उघडं असेल तर ऊन सरळ आत जाईल, लांबवर जाईल, अव्वापर्यंत जाईल. अव्वाला दिसेल की अजून दिवस आहे. तेवढ्या उजेडात चार घास पोटात गेले तरी पुष्कळ.

तिनं मऊ भात केला, वर तूप घातलं, गाळलेलं पाणी तांब्यात घेतलं.

"आत सांडशील," धनपाल म्हणाला.

"सांडलं तर प्लॅस्टिकवर सांडंल. अहो, तुमची आई हाय ती."

तो पुढं झाला. दार धरून उभा राहिला.

"सोडू नका," राजमती म्हणाली.

"सोडतोय कशाला मी?"

तिनं चपला काढल्या. अव्वाच्या चपला तिथंच होत्या, धुळीनं भरलेल्या. राजमतीनं आपल्या त्यांच्या शेजारी ठेवल्या आणि आत गेली.

दोन सीटांच्या मधून ती चालायला लागली. पायाखाली प्लॅस्टिक चरचरत होतं. एका हाताला मागची सीट होती, पांढरी, न संपणारी. दुसऱ्या हाताला पुढच्या सीटांच्या पाठी, एकामागून एक, आणि प्रत्येक पाठीवर छोटा पडदा. प्रत्येक पडद्यावर तेच दिसत होतं: दार, दाराबाहेर चपलांचे दोन जोड, आणि दार धरून उभा असलेला धनपाल. ऊन तिच्या बरोबरीनं चालत होतं. कधी ते पुढं जायचं, मग ती पावलं उचलायची.

"अव्वा!"

"कोण, राजमती?" या वेळी ओ लगेच आली.

"आलो, अव्वा. भात आणलाय. दिवस हाय अजून."

पुढं गारवा कमी झाला. नव्या कातड्याचा वास गेला आणि डिझेलचा आला. प्लॅस्टिक संपलं आणि पायाला गंजका पत्रा लागला. शेवटच्या पडद्यावर तिनं बघितलं तर धनपालसमोर सन्मती काकू उभ्या होत्या, आणि त्यांच्या शेजारी इस्त्रीच्या कपड्यांतला एक तरुण. पुण्याचे जावई आज येणार, हे काकूंनी सकाळीच सांगितलं होतं. जावई गाडीकडं बघून काहीतरी विचारत होते. धनपाल हसत होता.

त्यापुढं पडदे नव्हते. पत्र्यावर दोरानं बांधलेली पातेली होती, पराती होत्या, आणि एका उपड्या घातलेल्या घंगाळावर अव्वा बसली होती. केवढीशी झाली होती. मांडीवर तिनं कुणाचा तरी पितळी डबा धरला होता, घट्ट, लोकांची वस्तू सांभाळायला दिलेली असते तसा. बायका दिसत नव्हत्या, पण चारी बाजूंनी भांडी हलकी वाजत होती.

राजमतीच्या खांद्यावरून ऊन आलं आणि अव्वाच्या गुडघ्यांवर पडलं. अव्वानं हात पुढं करून ते तळव्यावर घेतलं.

"अगं, हाय की दिवस," ती म्हणाली. "मला वाटलं, कवाच मावळला."

"जेवा आधी. बोलू नंतर."

"धनपाल जेवला?"

"जेवतील ते. तोंड उघडा."

राजमतीनं भात कालवला. ऊन अव्वाच्या गुडघ्यांवर होतं, ते एका गुडघ्यावर आलं. राजमतीनं मागं वळून बघितलं. खूप लांब, दाराच्या जागी उजेडाची एक उभी फट होती आणि ती कडेनं मिटत येत होती. आवाज नव्हता.

"अहो!" ती ओरडली. पातेल्यांनी तो आवाज आपापसात वाटून घेतला.

"राजमती, मावळतोय का गं?"

"न्हाई, अव्वा. घ्या."

फट बोटाएवढी झाली, मग काडीएवढी, मग खळ लावून ताणलेल्या सुताएवढी. ते सूत अव्वाच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत सरळ उतरलं होतं. घास तिच्या ओठांना टेकला होता, आणि अव्वा तोंड उघडं ठेवून, घासाकडं नाही, त्या सुताकडं बघत होती.