डाव्या हाताचा घास

हुलसूरचा शिवशंकरप्पा दरसाल हुमनाबादच्या जत्रेत मिरचीचं दुकान लावायचा. गिऱ्हाइकाशी हुज्जत घालणं हा त्याचा आवडता उद्योग, आणि त्यात तो कुणाला हार जायचा नाही. पण त्या साली बायको शरणम्मा बरोबर होती आणि त्याचं हुज्जतीत लक्ष लागत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी त्यांची सात वर्षांची मल्ली पटकीनं गेली. तेव्हापासून शरणम्मा कामापुरतंच बोलायची. जत्रेत तिचं मन जरा रमेल म्हणून त्यानं तिला आणलं होतं.

जत्रेत सिनेमाचा तंबू पडला होता. खेळ विलायती, आणि त्यात एकही खरं माणूस नाही. सगळी चितारलेली, तरी चालणारी, हसणारी, रुसणारी. तंबूच्या मधोमध पांढरा पडदा होता. चित्र फेकणाऱ्या यंत्राच्या बाजूला पुरुष बसायचे आणि पडद्यामागं बायका, कारण दोघांनी एकत्र बसायची तिथं रीत नव्हती. पडद्यावर पाणी मारलं की चित्र पलीकडेही उमटायचं, फक्त उलटं, उजव्याचं डावं होऊन. हे शिवशंकरप्पाला ठाऊक होतं. शरणम्माला नव्हतं, आणि तिला सांगावं असं कुणाला सुचलंही नाही.

गोष्ट साधीच. एका पोरीच्या विहिरीतला चांद बगळा पळवतो. पोर ढगावर बसून त्याच्यामागं जाते, सात डोंगर ओलांडून चांद परत आणते आणि घरी आई तिला ताट वाढते. पोरासोरांचा खेळ म्हणून नाक मुरडत आत गेलेला शिवशंकरप्पा, ढग डगमगला तसा मांडीवर थाप मारून "धर, धर!" असं ओरडला. शेजारचे खो खो हसले.

खेळ सुटल्यावर शरणम्मा बाहेर आली ती डोळे पुसतच.

"अवं, बघितलात का? पोर डाव्या हातानं जेवायलीय! आन् माय तिला काय बी म्हणंना."

त्यानं तर पोरीला उजव्या हातानं जेवताना पाहिलं होतं.

मल्ली डावरी होती. ताटावर बसली की डावा हात पुढं यायचा आणि शिवशंकरप्पा त्यावर वाढायची पळी हाणायचा. चारचौघांत त्याला लाज वाटायची. एकदा तिनं विचारलं होतं, "अप्पा, पूजेला गळ्यातलं लिंग डाव्या हातावरच घेता ना तुमी? मग देव बसतो त्या हातानं घास कामून न्हाई?" गिऱ्हाइकापुढं कधी न हरलेला माणूस सात वर्षांच्या पोरीपुढं हरला, आणि त्याच रागात त्यानं पळी जोरात हाणली. त्यानंतर ती उजव्या हातानं जेवायला लागली. निम्मा भात सांडायची आणि अर्धपोटी उठायची. चार महिन्यांनी पटकीची साथ आली.

"चितारणाऱ्यानं कुठंतरी आपली मल्ली बघितली असंल," शरणम्मा म्हणाली. "मी उद्या बी येणार. तुमी बी नीट बघा, तिचाच हात हाय."

पडद्याची करामत समजावून सांगायला दोन वाक्यं पुरली असती. ती त्याच्या ओठांवर आलीही होती. पण बायको दोन वर्षांत पहिल्यांदाच एवढं बोलत होती. त्यानं ती वाक्यं गिळली.

दुसऱ्या दिवशी खेळ अर्ध्यावर आला तेव्हा तो पुरुषांतून उठला, तंबूला वळसा घालून गेला आणि बायकांकडच्या कनातीच्या फटीला डोळा लावला. कुणी पाहिलं असतं तर पन्नाशीच्या माणसानं भर जत्रेत जोडे खाल्ले असते. चांद विहिरीत परत आला. आईनं ताट वाढलं. पोरीनं डावा हात पुढं केला.

शिवशंकरप्पाला सगळं ठाऊक होतं, तरी त्याचे डोळे भरून आले. पोरीनं घास उचलला, खाल्ला, दुसरा उचलला. कुणी तिला हाणलं नाही. एवढं सोपं होतं ते, आणि आपल्याला जमलं नाही. त्या ओल्या पडद्यात शिरून तिच्या ताटासमोर बसावं असं त्याला फार वाटलं.

खेळ सुटला. शरणम्मानं त्याला गर्दीत गाठलं.

"बघितलात? कोणता हात?"

"डावाच," तो म्हणाला. "आपलीच हाय. आज पोटभर जेवली."