अडतीस मॅनेजर आणि एक लाल गज

कामगारांच्या मुक्तीसाठी जगात रक्त सांडलं, राज्यं उलथली, उशीला घेता येतील एवढे जाड ग्रंथ लिहिले गेले. पण कामगार नावाचा प्राणी एका सकाळीत समूळ नाहीसा करण्याचा मान जातो तो जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या लालचंदशेठच्या रोलिंग मिलला. त्यासाठी एकूण अडतीस टाय लागले. तेही शाळेच्या गणवेशाच्या दुकानात पडून राहिलेले, निळ्यावर पिवळे पट्टे, मागं इलॅस्टिक.

शेठचा मुलगा मयंक पुण्याहून मोठी पदवी घेऊन आला होता. भट्टीसमोर खुर्चीवर उभा राहून तो म्हणाला, "आजपासून इथं कुणी लेबर नाही. आपण सगळे मॅनेजर!"

टाळ्या पडल्या.

"आणि मॅनेजरला कायद्यानं ओव्हरटाइम नसतो. मॅनेजर घड्याळ बघत नाही."

टाळ्या थांबल्या, पण तोवर टाय गळ्यात पडले होते.

भुजंगच्या गळ्यातल्या टायबरोबर एक कार्डही आलं : सहायक व्यवस्थापक, तप्त विभाग. तप्त विभाग म्हणजे भुजंग गेली एकोणीस वर्षं जिथं उभा होता तीच दोन हात जागा. भट्टीतून निघालेला लालभडक गज सांडशीनं धरायचा आणि दोन फिरत्या रुळांच्या फटीत घालायचा. पलीकडं संपत उभा. त्यानं तो पकडून वरच्या फटीतून परत पाठवायचा. गज बारीक होत जातो, लांब होत जातो, आणि जेवढा लांब तेवढा नाठाळ. म्हणून एक रिवाज होता. पलीकडचा तयार झाला की "हं!" म्हणणार, आणि "हं" ऐकल्याशिवाय अलीकडचा गज सोडणार नाही. या एका अक्षरावर दोघांचे मिळून चार पाय अकरा वर्षं शाबूत होते. संपतच्या आधी जो होता त्याला एकदा खोकला आला आणि "हं" राहून गेलं. तो आता शहागडला पंक्चर काढतो, बसून.

पाळी आठ ते चार. त्यानंतरचे चार घंटे जास्तीचे, दुप्पट दरानं. ते दुप्पट आता बुडालं. भुजंगनं घरी जाताना ठरवलं होतं की उद्या टाय मयंकच्या टेबलावर ठेवायचा आणि म्हणायचं, आम्ही आपले कामगारच बरे.

घरी वाटूरचे माऊली बसले होते. भुजंगच्या पोरीला, साधनाला, आपल्या मुलासाठी बघायला आले होते. दोनदा येऊन गेले, काही बोलले नव्हते. आज त्यांची नजर दारात उभ्या भुजंगच्या गळ्यावर गेली आणि तिथंच राहिली.

"काय पाव्हणं, मॅनेजर झाले की काय?"

भुजंगनं तोंड उघडायच्या आत त्याची बायको द्वारकाबाई आतून म्हणाल्या, "असिस्टंट हायेत सध्या. तप्त विभागाचे."

माऊलींनी चहा बशीत ओतला, फुंकला आणि साखरपुड्याची तारीख सांगितली. वीस.

पाव्हणे गेल्यावर द्वारकाबाई म्हणाल्या, "चार घंटे काय, आठ घंटे फुकट करा. पण वीस तारखेपस्तोर ते गळ्यातलं उतरवायचं न्हाई. पोरगी दोनदा नाकारल्या गेली, ध्यानात हाये ना?"

ध्यानात होतं. भुजंग टाय घालूनच झोपला.

मिलमध्ये मात्र एक नवीनच भानगड निघाली. संपतच्या कार्डावर "उपव्यवस्थापक" होतं. सहायक मोठा की उप मोठा, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. छापणाऱ्यालाही नव्हतं, त्याच्याकडं दोन साचे होते, त्यानं आलटूनपालटून वापरले. संपतनं मात्र घरी बायकोला विचारून निकाल लावला होता, आणि बायको असल्या बाबतीत नवऱ्याच्या विरुद्ध निकाल देत नाही. दुसऱ्या आठवड्यापासून त्याचं "हं" बारीक होत गेलं. मग नुसतं हुंकारल्यासारखं. मग मान हलायची.

तेरा तारखेला, संध्याकाळी साडेपाचला, फुकटच्या दुसऱ्या घंट्यात, मानही हलली नाही. भुजंगनं वाट पाहिली. हातातला गज थंड व्हायला लागला. सहायक व्यवस्थापकानं किती वेळ ताटकळायचं? त्यानं सोडला.

संपत तेव्हा टाय सरळ करत होता.

गज फटीतून निघाला तो साप चवताळावा तसा. छताच्या पत्र्यापर्यंत उसळला, खाली आला, चहाच्या किटलीचे दोन तुकडे करून गेला, आणि जाता जाता संपतच्या पोटरीला नुसता टेकला. तापल्या तव्यावर पाणी पडावं तसा आवाज झाला. वास सांगण्यासारखा नाही.

संपत ओरडला नाही. सांडशी घेऊन, एक पाय ओढत, मशीनला वळसा घालून अलीकडं आला.

"हं ऐकल्याबिगर गज सोडतोस व्हय रे, मुडद्या?"

"तू म्हणला का हं?"

"डेप्युटी कधी असिस्टंटला हं म्हणत नसतो!"

"कोण म्हणलं डेप्युटी मोठा?"

यावर संपतनं सांडशीनं उत्तर दिलं. भुजंगच्या खांद्याजवळचं हाड वाळक्या तुराटीसारखं वाजलं. भुजंगनं चांगल्या हातानं संपतचा टाय धरला, हातभर ताणला आणि सोडला. इलॅस्टिकला पत्र्याची कडी होती. ती नाकावर बसली. रक्ताची धार निळ्यापिवळ्यावर उतरली.

मग कुणी कुणाचं राहिलं नाही. उपव्यवस्थापक एका बाजूला, सहायक एका बाजूला. गजाच्या तुकड्यांनी गुडघे फुटले, फावड्यांनी डोकी. केदारखेड्याच्या एका सहायकाचे पुढचे दोन दात उपव्यवस्थापकाच्या मनगटात रुतून राहिले. सोडवायला कुणी गेलं नाही. सोडवणं हे खालच्या माणसाचं काम, आणि खालचा माणूस मिलमध्ये उरला नव्हता.

मयंक ऑफिसातून धावत आला. "जंटलमेन! आपण मॅनेजमेंट आहोत!" एवढंच म्हणाला. एक फावडं फिरत आलं आणि त्याच्या डाव्या कानाचे दोन कान झाले.

संपतनं भुजंगला छातीवर हात देऊन ढकललं. भुजंग मशीनवर आदळला आणि टायचं टोक रुळांच्या फटीत गेलं. रूळ काही माणूस बघत नाहीत. टाय ओढला गेला, मागोमाग मान. नाक आणि लोखंड यांच्यात दोन बोटं उरली. भुवया तडतडल्या.

"सोमेश्वर! बंद कर! मशीन बंद कर!"

सोमेश्वर बटणापाशी होता. मारामारीत नसलेला तेवढाच एक. त्यानं भिंतीवरच्या कागदाकडं बोट केलं. "शेठला विचारल्याबिगर बंद करायची न्हाई, असं लिहेल हाये, भाऊ!"

"अरे, म्या मॅनेजर हाये!"

"म्या बी हायेच की!" सोमेश्वर फोन कानाला लावून म्हणाला. "लावून राह्यलो, भाऊ. शेठचा बिजी येऊन राह्यला."

दीड बोट. एक. भुजंगच्या डोळ्यांपुढं साधना आली, मग वीस तारीख, मग काहीच नाही. तेवढ्यात कुणीतरी मागून कंबरेला मिठी घातली आणि पायाच्या नेटानं मागं खेचलं. इलॅस्टिक ताणलं, ताणलं, आणि तुटलं. दोघं उताणे पडले. टाय फटीतून पलीकडं निघाला, पापडासारखा, आणि पेटला.

"हं," संपत सवयीनं म्हणाला. नाकातलं रक्त त्याच्या तोंडात जात होतं.

सोळा तारखेला कामगार खात्याच्या दैवशाला मॅडम आल्या. एवढी माणसं एकदम दवाखान्यात गेली की कुणी ना कुणी येतंच. ऑफिसबाहेर मॅनेजरांची रांग लागली, पांढऱ्या पट्ट्यांत. पहिला भुजंग, हात गळ्यात बांधलेला. कान शिवलेला मयंक त्याच्या जवळ येऊन हळूच म्हणाला, "वाटूरचं जमलं म्हणे? अभिनंदन, मॅनेजरसाहेब."

मॅडमनी वही उघडली. लालचंदशेठ हात जोडून म्हणाले, "म्याडम, सगळे मॅनेजर आहेत. घर की बात है."

"तुम्ही कुणाला कामावर ठेवू शकता?" मॅडमनी भुजंगला विचारलं.

"न्हाई."

"काढू शकता?"

"न्हाई."

"रजा देऊ शकता?"

"मलाच भेटत न्हाई."

"मग मॅनेजर का कामगार? काय लिहू?"

भुजंगनं खाली पाहिलं. गळा मोकळा होता; तिथं लाल वळ होता. मॅनेजर म्हणावं तर वीस तारीख. कामगार म्हणावं तर चार घंटे, आपले आणि बाकीच्या सदतीस माणसांचे. मागं संपत एका पायावर उभा होता, नाक वांग्याएवढं. त्यानं मान हलवली नाही. काहीच केलं नाही. फक्त वाट पाहत होता, गज सोडायच्या आधी पाहतात तशी.

"म्याडम," भुजंग म्हणाला, "बंद कर म्हणल्यावर ज्याचं मशीन बंद होतं, तो मॅनेजर. त्याला नका देऊ ओव्हरटाइम, आमचं काही म्हणणं न्हाई. माझी मुंडी रुळात चालल्ती, म्या बोंबलून राह्यल्तो, अन् मशीन चालूच. कामगार लिहा."

"हं," मागून संपत म्हणाला. या वेळी चांगलं मोठ्यानं. मग रांगेतून छत्तीस वेळा.

मॅडमनी लिहिलं. मयंक काही बोलणार, तोच लालचंदशेठनी त्याचा चांगला कान धरला. "दे डाल, बेटा. एक कान बाकी है."

सही करून भुजंग दारापर्यंत गेला, थांबला आणि परत आला.

"छोटे शेठ," तो हळू आवाजात म्हणाला, "एखादा टाय शिल्लक असंल का? वीस तारखेपुरता. माझा मशीननं खाल्ला."