घुमटातलं घड्याळ

वेधशाळेच्या तळघरातलं दिव्याचं बटण कुठे आहे, हे मावशीच्या हाताला तिच्याआधी आठवलं. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली होती, तरी वास तोच: जुना कागद, लोखंडी कपाटं आणि किंचित आंबूस काहीतरी. कपाटांत हजारो काचा पुस्तकांसारख्या उभ्या होत्या. पूर्वी आकाशाचे फोटो काचेवर घ्यायचे. त्यात आकाश पांढरं आणि तारे काळे.

"हे सगळे तारे? मला वाटलं कुणाच्या हातून मिरपूड सांडलीये," भाची म्हणाली. नववीची सुट्टी लागली म्हणून ती मदतीला आली होती आणि मदतीपेक्षा बडबडच जास्त करत होती.

काम सोपं होतं. काचेच्या मागच्या बाजूला शाईने लिहिलेलं ओल्या कापसाने पुसायचं. मग यंत्र काचेचा फोटो घेणार. शाई राहिली तर यंत्राला तीही ताराच वाटे. शाईतली माहिती गेली तरी बिघडत नव्हतं. सगळं मावशीच्या वहीत सुवाच्य अक्षरात उतरवलेलं होतं.

तेवढ्यात वेधशाळेच्या प्रमुख आल्या. मावशीच्या निम्म्या वयाच्या, पण मावशी आपली सवयीने उभी राहिली.

"बसा हो. एक विचारायचं होतं. गेल्या महिन्यात एक तारा एकाएकी भडकला ना, तो खरं तर एक नव्हता. एकमेकांना खेटून फिरणारे दोन होते. आदळले आणि एक झाले. आदळण्याआधी असे तारे जवळ जवळ सरकतात, त्यांची फेरी आखूड होत जाते. पुढचा मागच्याला झाकतो तेव्हा उजेड मंदावतो, ते दरवर्षी थोडं थोडं लवकर घडायला हवं. पण तुमच्या वहीत एका मिनिटाचाही फरक नाही. कमाल आहे."

"हो का," मावशी म्हणाली. त्या गेल्यावर तिने वही उघडली.

फरक होता. तो भिंगरीने पकडला होता.

भिंगरी म्हणजे मावशीची मैत्रीण. एका जागी ठरेल तर शपथ. रात्री घुमटात फोटो घ्यायची आणि घड्याळ बघून काचेवर वेळ लिहायची. सकाळी मावशी ती वहीत उतरवायची. एका टेबलावर दोघींचे डबे, एकच भिंग, आणि "तुझं अक्षर म्हणजे मुंग्यांची मिरवणूक" असं अकरा वर्षं रोज. मावशीच्या आयुष्यात तितकं हसणं पुन्हा झालं नाही.

मग या ताऱ्याची मंदावण्याची वेळ चुकायला लागली. आधी चार मिनिटं, पुढे सात, मग अकरा.

"तारा लवकर येतोय," भिंगरी म्हणाली होती.

"तारे काय तुझ्यासारखे आहेत का, मनात आलं की निघाले? घुमटातलं घड्याळ मागे पडतंय."

"घड्याळ मी रोज लावते."

मावशीला वेडंवाकडं बघवत नसे, मग ती वाकडी भिंत असो वा वाकडा आकडा. तिने वहीत सगळ्या वेळा सरळ करून टाकल्या. कुणाला फसवायला नाही, नीट दिसावं म्हणून. भिंगरीने ते पाहिलं आणि महिन्याभरात दुसऱ्या गावी नोकरी धरली. त्यानंतर पत्र नाही की फोन नाही.

मावशीने मान वर केली. भाचीच्या हातात काच होती, काचेवर कापूस.

"थांब. ती त्याच ताऱ्याची ना?"

"हो. सातातल्या दोन पुसून झाल्या. बघ कशा लख्ख केल्यात."

मावशीने उरलेल्या पाच काचा पदराने धरून एकेक उजेडासमोर नेल्या. मुंग्यांची मिरवणूक. दहा छप्पन्न. दहा त्रेपन्न. दहा एकोणपन्नास. वहीत सगळीकडे अकरा.

"मावशी, अगं, रडतेस काय? दोनच तर पुसल्या."

"तू नाही पुसल्यास. मी पुसल्यात, तेवीस वर्षांपूर्वी."

ती वही आणि पाच काचा घेऊन जिना चढली. प्रमुखांपुढे सगळं सांगताना आवाज इतका बारीक झाला की दोनदा सांगावं लागलं. प्रमुखांनी एकेक काच उजेडासमोर धरून पाहिली. मग म्हणाल्या, "या ताऱ्यावरच्या शोधनिबंधात पहिलं नाव त्यांचं घालायला हवं. पत्ता आहे?"

पत्ता नव्हता. भिंगरीच्या भावाकडून नंबर मिळाला.

"कोण?" पलीकडून तोच घोगरा आवाज.

"मी. तुझं घड्याळ बरोबर होतं."

भाची ऐकायला फोनजवळ वाकली.

"ते मला माहीत होतं," भिंगरी म्हणाली. "तुला आता कसं कळलं?"

"ते दोन तारे आदळले."

"दोघेही गेले?"

"नाही. मिळून एक झालाय. फुगलाय, लालबुंद झालाय, स्वतःच्याच धुळीत गुरफटून बसलाय. इथल्या प्रमुख बाई म्हणतात, निवायला बरीच वर्षं लागतील."

"निवेल," भिंगरी म्हणाली. "माफी मागणार आहेस की नुसतं आकाश सांगणार आहेस?"

मावशीने माफी मागितली. सरळ, एका वाक्यात.

"हं. आता त्या पुसलेल्या दोन काचांच्या वेळा लिहून घे. पाठ आहेत मला."

भाचीने धावत जाऊन पेन आणलं.