शेऱ्याचा रकाना

तिने फोन मावशींच्या नाकासमोर धरला, इतक्या जवळ की मावशींना मान मागे घ्यावी लागली.

"वाचा. मोठ्याने वाचा काय लिहिलंय ते."

मावशींच्या कडेवर कुणाचं तरी बाळ होतं. त्याने फोनकडे झेप घेतली. मावशींनी त्याची मूठ आपल्या मुठीत धरली आणि डोळे बारीक केले.

"चष्मा आत राहिलाय, ताई."

"मग मीच वाचते. सोमवार, दूध एकशे सत्तर. मंगळवार, एकशे साठ. बुधवार, एकशे ऐंशी. झोप रोज दीड तास. आणि काल संध्याकाळी सलाईन लावताना डॉक्टर मला विचारतात, तीन दिवस पोरीच्या पोटात धड काही नाही, आईला कळलं कसं नाही? काय सांगू त्यांना? पाळणाघरवाल्या मावशी गोष्टी लिहितात म्हणून?"

"मी लिहिलं होतं, ताई. सोमवारीच लिहिलं."

"कुठे? भिंतीवर?"

"त्यातच. खाली."

"खाली काही नाहीये!" तिने अंगठ्याने पडदा वर वर सरकवला. "हे बघा. खाली तुमच्या पाळणाघराचं चिन्ह आहे आणि एक हसरं फूल आहे. संपलं."

आवाज ऐकून संचालिका बाई आल्या. काय झालं ते त्यांनी अर्धंच ऐकलं. फोनवरचे आकडे आणि डॉक्टरांचा कागद त्यांना पुरला. "तुम्ही मला दोन ओळी लिहून द्या," त्या म्हणाल्या, "बाकीचं मी बघते." तिने तिथेच, चपलांच्या कपाटावर कागद ठेवून लिहिलं. दोन नाही, अकरा ओळी झाल्या. 'खोट्या नोंदी' या शब्दांखाली तिने दोनदा रेघ ओढली; दुसऱ्यांदा ओढताना कागद फाटला. मावशी तोपर्यंत कडेवरच्या बाळाचं नाक पुसत उभ्या होत्या. त्याचाही तिला राग आला.

ऑफिसला जाताना तो राग कमी व्हायला हवा होता. पण तिला सोमवारची संध्याकाळ आठवत राहिली. चौदा महिन्यांची पोर बाटली दिसली की तोंड फिरवत होती. "अगं, मलूल दिसतेय ही," सासूबाई म्हणाल्या होत्या. तिने त्यांना फोन दाखवला होता. "आई, दुपारी एकशे सत्तर प्यायलीय. पोट भरलंय तिचं." सासूबाई बाटली धुवायला घेऊन गेल्या. आकड्यापुढे त्या काय बोलणार? मंगळवारी तर त्यांनी विचारलंही नाही.

ते ॲप तिच्याच कंपनीने बनवलं होतं. पाळणाघराच्या सतरा शाखा, प्रत्येक बाळाचं दूध, झोप, लंगोट, सगळं सांभाळणाऱ्या बाया टॅबलेटवर भरत. आणि पालकांच्या फोनवर, मालकांच्या भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर ते कसं दिसायचं हे तिचं काम होतं. रिपोर्ट तिचे, डॅशबोर्ड तिचा. म्हणून तर तिने डोळे झाकून पोरीला तिथे ठेवलं होतं. संध्याकाळी साडेसहाला ती न्यायला जाई तेव्हा मावशींची पाळी संपून अडीच तास झालेले असत. तोंडी निरोप द्यायचे नाहीत, असाच नियम होता. जे असेल ते ॲपमध्ये.

आज पोर घरी होती, सासूबाईंपाशी. ती स्वतःही रजा टाकू शकली असती. पण तिला मावशींच्या नोंदींची वेळ हवी होती. कुठल्या मिनिटाला बसून हे आकडे रचले, ते छापून तिला संचालिका बाईंच्या टेबलावर आपटायचं होतं. डॅशबोर्डवर वेळ दिसत नसे. तिने मागची मूळ नोंदवही उघडली, टॅबलेटवरून जसंच्या तसं येऊन पडतं ती. आपल्या मुलीचा क्रमांक टाकला.

सोमवार. दूध: रिकामं. मंगळवार. दूध: रिकामं. बुधवार. दूध: रिकामं.

तिला वाटलं चुकीचा क्रमांक टाकला. पुन्हा टाकला. मग ती उजवीकडे सरकत गेली, जिथे ती कधीच जात नसे. अगदी शेवटी 'शेरा' नावाचा रकाना होता. शेऱ्याचा आलेख काढता येत नाही, म्हणून तिने तो पहिल्याच दिवशी रिपोर्टातून वगळला होता.

सोमवार, अकरा चाळीस. *दूध नको म्हणते. कान ओढते. शून्य टाकलं तर हे घेत नाही म्हणून इथे लिहिते. आईला कळवा.*

मंगळवार, बारा पाच. *आजही नाही. चमच्याने पाणी दिलं, थोडं गेलं. कुणीतरी आईला कळवा.*

बुधवार, अकरा पन्नास. *कुणी वाचतं का हे.*

ती एक आठवडा मागे गेली: एकशे सत्तर, एकशे साठ, एकशे ऐंशी, तेच आकडे. मग ती उठली आणि थेट हिरव्या कंदिलाच्या टेबलापाशी गेली. तिच्या वरिष्ठाला सगळे मागून याच नावाने ओळखत. डॅशबोर्डवर लाल काही दिसलं की त्याला जेवण जात नसे.

"रिकामा रकाना असेल तर मागच्या आठवड्यातला त्याच वाराचा आकडा भरायचा, हा नियम कुणाचा?"

"हळू बोल की. क्लायंट आहे आत."

"कुणाचा नियम आहे हा? माझी पोर उपाशी होती तीन दिवस, आणि आपण तिच्या आईला मागच्या आठवड्याचं दूध दाखवत होतो!"

चार खुर्च्या वळल्या. त्याने शांतपणे जुने निरोप उघडले, खाली खाली गेला आणि स्क्रीन तिच्याकडे फिरवली. आठ महिन्यांपूर्वीचा निरोप होता. *रिकामे चौकोन भयाण दिसतात, पालक घाबरतील. मागच्या आठवड्याचे आकडे भरून टाकते. कुणाच्या लक्षातही येणार नाही!* खाली तिचं नाव. त्याखाली त्याचा उंचावलेला अंगठा.

बाळंतपणाच्या रजेवरून परत येऊन तिला तेव्हा पंधरा दिवस झाले होते. बाळ झालं तरी आपलं डोकं चालतं, हे तिला सगळ्यांना दाखवायचं होतं.

"मी कुणाला दोष देत नाहीये," तो म्हणाला. "पण तू अशी अंगावर येऊ नकोस."

ती जिन्यात गेली आणि तिने पाळणाघरात फोन लावला.

"ती तक्रार मला मागे घ्यायचीय. मावशी खरं बोलत होत्या."

"अहो, त्यांना तर मी तेव्हाच कामावरून मोकळं केलं," संचालिका बाई म्हणाल्या. "आणि तुमचं पत्र बाकीच्या सगळ्याजणींना वाचून दाखवलं. चांगल्या हादरल्यात. आता बघा, रकाना रिकामा सोडायची एकीची टाप नाही."

"चूक आमच्या ॲपची आहे. माझी आहे. त्यांना परत बोलवा."

"म्हणजे सकाळी चूक त्यांची, दुपारी तुमची. मी पाळणाघर चालवू की तुमचे राग सांभाळू?"

"त्यांचा नंबर तरी द्या."

"नाही देता येत. नियम आहे."

जागेवर परत येऊन तिने कुणालाही न विचारता तो नियम पुसला. शून्य घ्यायला लावलं. शेऱ्याचा रकाना पालकांच्या फोनवर आणि डॅशबोर्डवर सगळ्यांत वर आणून ठेवला, ठळक अक्षरात. प्रत्येक ओळ दोनदा तपासली. मध्येच सासूबाईंचा फोन आला: सहा चमचे पेज गेली, आत्ताच खांद्यावर झोपली, तू आपली जेवून घे. "हो आई," ती म्हणाली.

तीन वाजता तिने डॅशबोर्ड ताजा केला आणि खुर्चीच्या कडेवर बसली. दिसू देत भोकं. सतरा शाखांच्या भिंतींवर दिसू देत. ओरडू देत सगळ्यांना.

मावशींच्या गटात नऊ बाळं होती. नऊच्या नऊ चौकोन हिरवे होते.

हिरवा कंदील मागे येऊन उभा राहिला. त्याने चष्मा सारखा केला, वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि सुटकेचा निःश्वास सोडला.

"बघ. नियम काढलास तरी एकही चौकोन रिकामा नाही. उगाच आकाशपाताळ एक केलंस."

ती एकेक नाव खाली जात होती. एकशे ऐंशी, एकशे ऐंशी, एकशे ऐंशी. मूळ नोंदवहीत वेळ पाहिली: सगळ्या नोंदी दोन वाजून पाच मिनिटांच्या. सातवी ओळ तिच्या मुलीची होती. हजर. दूध एकशे ऐंशी. झोप दीड तास. आणि सगळ्यांत वर, ठळक अक्षरात, शेरा: *बाळ मजेत आहे.*