काच माझी फुटली

मित्रांनो, झटपट खाण्याच्या दुकानात दाराशी जो उभा असतो, ज्याच्यावर बोट टेकवलं की खाणं मागवता येतं, तसला मी एक जुना काचेचा पडदा आहे. आता भंगारात पडलो आहे. पोटातून वायरी लोंबतात, काचेवर खुर्चीच्या पायाची खूण आहे.

मी कारखान्यातून आलो तेव्हा मालकाला कोण कौतुक! "हा रजा मागत नाही, उलट बोलत नाही," असं तो ज्याला त्याला सांगे. गल्ल्यावरच्या बायकांना एकेक करून कामावरून काढलं. उरल्या फक्त वहिनी. आत तळणयंत्र सांभाळणारा त्यांचा धाकटा दीर त्यांना वहिनी म्हणे, म्हणून सगळेच म्हणत. माझी काच पुसायची, म्हाताऱ्या माणसांना बटणं दाखवायची आणि चिडलेल्या गिऱ्हाइकांचं ऐकून घ्यायचं, हे त्यांचं काम. लोक मला गुद्दे घालत. वहिनी हसून म्हणत, "अहो, त्याला नाही लागत. तुमचाच हात दुखेल."

एका सुट्टीच्या दुपारी तळणयंत्र बंद पडलं. दीर कढईत हाताने तळू लागला. बाहेर मी मात्र ऑर्डरी घेतच होतो. मला तेवढंच शिकवलं होतं. वहिनींनी मालकाला फोन लावला.

"साहेब, पडदा बंद करू का? लोक खवळलेत."

"बंद केलात तर उद्यापासून येऊ नका."

गर्दी दारापर्यंत तुंबली. एका दांडग्या माणसाची लेक भुकेने रडत होती. त्याने मला ठोसा मारला, मग खुर्ची उचलली. वहिनी मध्ये पडल्या. "दादा, पोर बघतेय. ठेवा खाली."

त्याने खुर्ची टाकली, वहिनींचे केस धरले आणि त्यांचं तोंड माझ्या काचेवर आपटलं. पुन्हा आपटलं. काच तडकली. त्यांच्या गालाच्या दाबाने माझं बटण दाबलं गेलं आणि मी गोड आवाजात म्हणालो, "आपली ऑर्डर मिळाली. धन्यवाद!"

दीर तापलेला झारा घेऊनच धावत आला. "माझ्या वहिनीला हात लावतोस?" झारा त्या माणसाच्या गालावर बसला. कातडी चरचरली. तो कोसळला तरी दीर मारतच राहिला. त्या माणसाची लेक कान झाकून किंचाळत होती.

"भावजी, पुरे! मेला तर तुमचं काय होईल?" वहिनी रक्त थुंकत त्याच्या हाताला लोंबकळल्या.

तेव्हा कुठे तो थांबला. मग त्याने तीच खुर्ची उचलून माझ्यावर घातली. "घे ऑर्डर! घे!" मी विझेपर्यंत तो घालतच होता.

तो माणूस वाचला. दीर तुरुंगात गेला. वहिनींचा डावा डोळा कायमचा अधू झाला. आठवड्याच्या आत दुकानात नवा पडदा लागला. वहिनींच्या जागी मात्र कोणी आलं नाही.

मित्रांनो, भुकेल्या पोटी राग येतो, हे मी जवळून पाहिलं आहे. आलाच तर घाला खुशाल माझ्यासारख्याला एक गुद्दा. आमच्या काचा कारखान्यात ढिगाने मिळतात. पण शेजारी जे माणूस उभं असेल, त्याच्यावर हात उगारू नका. त्याला एवढंच विचारा, "तुम्ही जेवलात का?"